आश्विनातील शिकारी पक्ष्यांची मोजणी

रब्बी ज्वारीच्या पेरण्या आटोपत येतात त्या सुमारास सोलापूर, पुणे व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील माळरानांवर लांब पंखांचे व लांब शेपटीचे काही पक्षी गवताच्या शेंड्यांवरून संथपणे तरंगत जाताना दिसू लागतात. नर राखी रंगाचा, मादी तपकिरी व तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, अशी त्यांची ओळख आहे. ह्यांस भोवत्या असे म्हणतात. मध्य आशियातील व त्याच्याही उत्तरेकडील गवताळ प्रदेशांत उन्हाळ्यात पिल्ले वाढवून हे पक्षी हिवाळा काढण्यासाठी दख्खनच्या पठारावर येतात आणि ऊन तापू लागले की परत जातात. नाकतोडे, उंदीर, सरडे व लहान पक्षी हे त्यांचे भक्ष्य होय. शेतकऱ्यास त्यांचा उपद्रव काहीच नाही. उपयोग मात्र आहे.

हे पक्षी दरवर्षी किती येतात, पूर्वीपेक्षा कमी येतात की अधिक, असा प्रश्न गावात विचारला असता बहुधा एकच उत्तर मिळते : "पूर्वी पुष्कळ होते." ह्या उत्तरात तथ्य असेलही. परंतु 'पुष्कळ' ह्या शब्दाची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. पाऊस 'बरा झाला' एवढ्यावर कोणी दुष्काळाची आणेवारी ठरवीत नाही. तेथे पर्जन्यमापकातील मिलिमीटर लागतात. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत असे माप घेण्याचे काम पृथ्वीवर एके ठिकाणी नव्वद वर्षांपासून चालू आहे, आणि त्या मापाने एका मोठ्या प्रश्नाचा उलगडा होण्यास साहाय्य झाले. ते ठिकाण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. तेथील हकीकत आपल्याकडील शेतकऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे; कारण तिचा आरंभ शेतकऱ्याच्या कोंबड्यांपासून झाला.

डोक्याला अर्धा डॉलर

पेनसिल्व्हेनिया हे शेतीप्रधान व कोळशाच्या खाणींचे राज्य. बाज, ससाणे व घुबडे कोंबड्या पळवितात, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार. सन १८८५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून प्रत्येक बाज, घुबड, मुंगूसवर्गीय दिसणारा वीझल व मिंक ह्या प्राण्यांच्या डोक्यामागे अर्ध्या डॉलरचे बक्षीस लावले. लोकांनी बंदुका काढल्या. दीड वर्षात सुमारे ९०,००० डॉलर बक्षिसापोटी सरकारी तिजोरीतून गेले.

त्या वेळी अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्यात पक्ष्यांचा शेतीशी असलेला संबंध तपासण्याचे काम सी. हार्ट मेरियम ह्यांच्याकडे होते. त्यांनी ह्या व्यवहाराचा हिशेब मांडला. शिकारी पक्षी राज्यभरात वर्षाला ५,००० कोंबड्या मारतात असे धरून चालावे; एका कोंबडीची किंमत पंचवीस सेंट धरावी. म्हणजे दीड वर्षातील एकंदर नुकसान होते १,८७५ डॉलर. एवढे नुकसान वाचविण्यासाठी नव्वद हजार खर्ची पडले. ह्यात मारल्या गेलेल्या पक्ष्यांनी जे उंदीर व कीटक खाल्ले असते त्यांनी केलेली पिकांची हानी धरलेली नाही. ती मेरियम ह्यांनी वेगळी दाखविली व ती लाखो डॉलरांच्या घरात जात होती. सन १८८७ मध्ये हा कायदा रद्द झाला.

पुढे १८९३ साली त्याच खात्यातील ए. के. फिशर ह्यांनी सुमारे २,७०० बाज व घुबडांची पोटे चिरून त्यांत काय सापडले त्याची नोंद प्रसिद्ध केली. बहुसंख्य जातींच्या पोटांत उंदीर व कीटक निघाले. कोंबड्यांवर व पाळीव पक्ष्यांवर मुख्यत्वे जगणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठरल्या. सरकारी खात्याने छापलेला इतका स्पष्ट पुरावा पुढ्यात असताना वादाचा निकाल लागावयास हवा होता. तो लागला नाही. छापील पुस्तक शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोहोचावयास किती काळ लागतो हे कृषिप्रसाराचे काम करणाऱ्यांस सांगावयास नको. सन १९२९ मध्ये त्याच राज्याने गॉसहॉक ह्या मोठ्या बाजावर पुन्हा बक्षीस जाहीर केले, आणि ह्या वेळी ते पाच डॉलरचे होते. पाठोपाठ मंदीचे व बेकारीचे दिवस आले. त्या काळात पाच डॉलर ही लहान रक्कम नव्हती. शिवाय उडत्या पक्ष्यांत गॉसहॉक कोणता हे ओळखणारे थोडे. त्यामुळे दिसेल त्या शिकारी पक्ष्यावर गोळी सुटू लागली.

वाऱ्याचा रस्ता

राज्याच्या पूर्व भागात ॲपालेशियन पर्वताची एक लांबच लांब, सरळ रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली आहे. तिला किटाटिनी असे नाव आहे. हिवाळ्याच्या तोंडी उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचे वारे सुटतात व ते ह्या रांगेवर आडवे आदळतात. पुढे जाण्यास वाट नसल्याने वारा उतारावरून वर चढतो. ह्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख पसरून राहिले की पंख न हलविता मैलोगणती पुढे सरकता येते. दक्षिणेकडे निघालेल्या बाजांना, गरुडांना व ससाण्यांना हे उपजत ठाऊक असते. साहजिकच विस्तीर्ण प्रदेशातून येणारे पक्षी ह्या रांगेवर एकवटतात. रांगेच्या एका खडकाळ टोकावर, समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे फूट उंचीवर उभे राहिले असता ते अगदी डोक्यावरून किंवा डोळ्यांच्या पातळीवरून जातात.

हेच ठिकाण बंदूकवाल्यांनी हेरले. सप्टेंबरपासून सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागे व दिवसभर गोळीबार चाले. मेलेले पक्षी तेथेच सडत, जखमी पक्षी झाडीत तडफडत पडत. सन १९३२ मध्ये रिचर्ड पाव नावाच्या एका तरुण पक्षिनिरीक्षकाने तेथे जाऊन मेलेले पक्षी गोळा केले, जमिनीवर ओळींनी मांडले व त्यांची छायाचित्रे घेतली. ती छायाचित्रे न्यूयॉर्क येथील रोझाली एज ह्या बाईंच्या पाहण्यात आली. बाईंचे वय त्या वेळी पन्नाशीच्या पुढे. पक्ष्यांच्या रक्षणासाठी मोठमोठ्या संस्थांशीही उघड भांडण्याबद्दल त्यांची ख्याती होती. मोठ्या संस्था विचारविनिमय करीत राहिल्या. बाईंनी १९३४ साली तो डोंगरच, सुमारे चौदाशे एकर, भाड्याने घेतला व पुढे खरेदी केला. सन १९३८ मध्ये ती जमीन एका स्वतंत्र संस्थेच्या स्वाधीन करण्यात आली. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेले जगातील पहिले अभयारण्य ते हेच. त्याचे नाव हॉक माउंटन.

राखण करण्यासाठी एज बाईंनी मॉरिस ब्राउन व त्यांची पत्नी अर्मा ह्या जोडप्याची नेमणूक केली. अर्मा ब्राउन रस्त्यावरील वाटेशी उभ्या राहून बंदूकवाल्यांस परत पाठवीत. मॉरिस ब्राउन वर टोकावर बसत. बसल्या जागी त्यांनी एक काम सुरू केले : येणारा प्रत्येक शिकारी पक्षी ओळखून, मोजून, वहीत लिहून ठेवणे. पहिल्याच हंगामात हा आकडा दहा हजारांच्या वर गेला. पुढे महायुद्धात ब्राउन नौदलात गेल्यामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे मोजणी बंद होती. तेवढा खंड सोडला तर ती आजतागायत दर शरद ऋतूत चालू आहे.

मोजणीची रीत

मोजणी १५ ऑगस्टला सुरू होते व १५ डिसेंबरला संपते. सर्वच जाती एकदम जात नाहीत. सप्टेंबरच्या मध्यास रुंद पंखांच्या एका बाजाचे थवे दक्षिण अमेरिकेकडे निघतात. हा बाज उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेचा आश्रय घेतो. त्या हवेत शेकडो पक्षी गोल गोल घिरट्या घालीत उंच चढतात व वर पोहोचल्यावर एकामागून एक घसरत पुढच्या गरम झोताकडे जातात. १४ सप्टेंबर १९७८ ह्या एका दिवशी हॉक माउंटनवरून ह्या जातीचे एकवीस हजारांवर पक्षी गेल्याची नोंद आहे. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडील शिकऱ्याच्या कुळातील लहान बाज व खरुचीचे भाऊबंद असलेले केस्ट्रल जातात. नोव्हेंबरच्या थंड, बोचऱ्या दिवसांत लाल शेपटीचे बाज, गॉसहॉक व सोनेरी गरुड येतात. एका हंगामात सरासरीने अठरा हजारांच्या आसपास पक्षी व सोळा जाती मोजल्या जातात.

वर चढणाऱ्या थव्यात पक्षी सारखे फिरत असल्यामुळे तेथे मोजणी करू लागल्यास तोच पक्षी दोनदा-तीनदा मोजला जातो. म्हणून मोजणी करणारा थांबतो. थवा वर पोहोचून सरळ रेषेत घसरू लागला की मग एकेक पक्षी गणतो. दूरवर ठिपका दिसला तर तो कोठे आहे हे सोबत्यास सांगता यावे म्हणून समोरच्या टेकड्यांना क्रमांक दिलेले आहेत. 'तीन क्रमांकाच्या वर, ढगाच्या कडेला' एवढे म्हटले की दुर्बिणी तिकडे वळतात. काठीवर घुबडाचे एक नकली बाहुले लावून ठेवतात. शिकारी पक्ष्यांस घुबडाचा राग येतो, त्यामुळे काही पक्षी जवळ येऊन झडप घालतात व ओळखणे सोपे जाते. दर तासाच्या अखेरीस जातवार आकडे, वाऱ्याची दिशा व वेग, तापमान, ढग आणि किती दूरवरचे दिसते ह्यांची नोंद होते. ओळख पटली नाही तर पक्षी 'न ओळखलेला' म्हणूनच लिहावयाचा असतो. ही शिस्त दिसावयास क्षुल्लक, परंतु नवशिक्याला तीच अवघड जाते. प्रत्येक ठिपक्यास नाव देण्याचा मोह मोठा असतो.

ह्या रीतीने मिळालेली संख्या ही त्या प्रदेशातील पक्ष्यांची शिरगणती नव्हे, हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे. वारा पूर्वेचा असला तर पक्षी रांग सोडून पसरतात आणि डोंगरावर दिवसभरात दहासुद्धा दिसत नाहीत. एखाद्या वर्षी आकडा निम्म्यावर आला म्हणून पक्षी निम्मे मेले असा अर्थ काढणे हे एका आठवड्याच्या पावसावरून मोसमाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. दहा, वीस, तीस वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे वाऱ्याची लहर त्यांत विरघळते आणि खरा चढ-उतार वर येतो. तेवढा धीर धरणारा मनुष्य व तेवढा काळ टिकणारी वही, ह्या दोन गोष्टी एकत्र येणे दुर्मिळ.

तपकिरी गरुड कोठे गेले?

अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड हा ह्या वहीतील एक नेहमीचा प्रवासी. त्याचे डोके व शेपटी पांढरी होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. त्या वर्षीचे पिल्लू सर्वांगी गडद तपकिरी असते. त्यामुळे उडत्या पक्ष्याकडे पाहून जुना कोणता व नवा कोणता हे सांगता येते, आणि ब्राउन ह्यांनी तशी वेगळी नोंद ठेवली होती.

ह्या वेगळ्या नोंदीचे महत्त्व असे की, वारा अनुकूल असो वा प्रतिकूल, तो जुन्यांना व नव्यांना सारखाच असतो. एकंदर संख्या वाऱ्याबरोबर हलेल, परंतु जुन्या-नव्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण सहसा हलू नये. सन १९३५ ते १९३९ ह्या काळात डोंगरावरून गेलेल्या गरुडांपैकी शेकडा ४० त्या वर्षीची पिल्ले होती. १९५५ ते १९५९ ह्या काळात तेच प्रमाण शेकडा २० वर आले. सन १९५७ मध्ये तर बत्तीस मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू दिसले. गरुड मरत होते असे नव्हे. मोठे गरुड येतच होते. त्यांच्यामागून येणारे कोणी नव्हते. गोठ्यात गायी उभ्या आहेत, पण कालवड एकही नाही, अशी ती स्थिती होती. अशा गोठ्याचे पुढे काय होणार हे सांगावयास पशुवैद्य लागत नाही.

ह्या दोन काळांच्या दरम्यान डी.डी.टी. आले होते. महायुद्ध संपल्यावर १९४५ पासून ते शेतात, बागांत, जंगलांवर विमानातून व डासांसाठी दलदलींवर सर्रास मारले जाऊ लागले. माणसास तत्काळ अपाय होत नसे, किडी मात्र मरत. त्यामुळे त्या काळी ते वरदान वाटले ह्यात नवल नाही. रेचेल कार्सन ह्या जीवशास्त्रज्ञ लेखिका १९४५ मध्ये स्वतः हॉक माउंटनवर येऊन गेल्या होत्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या पुस्तकात त्यांनी कीटकनाशकांच्या बेछूट वापराविरुद्ध जो पुरावा मांडला, त्यात ब्राउन ह्यांच्या वहीतील वर दिलेले आकडे होते.

पिल्ले का होत नाहीत ह्याचे कारण त्या वेळी पुरते उलगडले नव्हते. ते १९६७ मध्ये इंग्लंडातील डेरेक रॅटक्लिफ ह्यांनी बहिरी ससाण्याच्या अंड्यांवरून दाखवून दिले. संग्रहालयांत व हौशी संग्राहकांकडे जपून ठेवलेली जुनी कवचे त्यांनी तोलून पाहिली. १९४७ च्या सुमारापासून कवचे एकाएकी पातळ झालेली आढळली. डी.डी.टी. शरीरात गेल्यावर त्यापासून जो पदार्थ बनतो तो चरबीत साठून राहतो. किड्यातून लहान पक्ष्यात, माशातून गरुडात, अशा एकेका पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. मादीच्या शरीरात तो पुरेसा साठला की अंड्याचे कवच पातळ होते व उबविणाऱ्या आईच्या भारानेच अंडे फुटते. अमेरिकेत १९७२ साली डी.डी.टी. चा शेतीतील वापर बंद झाला व त्याच वर्षी शिकारी पक्ष्यांस देशभर कायद्याचे संरक्षण मिळाले. बहिरी ससाणा १९९९ मध्ये आणि पांढऱ्या डोक्याचा गरुड २००७ मध्ये संकटग्रस्तांच्या राष्ट्रीय यादीतून काढण्यात आले. सत्तरीच्या आरंभी हॉक माउंटनवर हंगामात मोजकेच दिसणारे हे गरुड आता काहीशेंच्या संख्येने जातात.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ब्राउन ह्यांनी १९३४ मध्ये मोजणीस आरंभ केला तेव्हा डी.डी.टी. चा कीटकनाशक गुण कोणास ठाऊक नव्हता. तो १९३९ मध्ये उमगला. मोजणी बंदुकीच्या प्रश्नासाठी सुरू झाली व उपयोगी पडली विषाच्या प्रश्नास. १९५७ साली शंका आल्यावर वही उघडली असती, तर १९३५ चे आकडे कोठून आणले असते? आजही हीच वही केस्ट्रलची संख्या उतरत असल्याचे दाखवीत आहे. त्याच्या कारणाविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. परंतु शोध कशाचा घ्यावयाचा हे तरी निश्चित झाले आहे.

हॉक माउंटनचा कित्ता पुढे अनेक देशांनी गिरविला. मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे डोंगर व समुद्र ह्यांच्या मधील चिंचोळ्या पट्टीतून एका शरद ऋतूत चाळीस लाखांच्या वर शिकारी पक्षी जातात. जॉर्जिया देशातील बातुमी येथे २००८ पासून चालू असलेल्या मोजणीत दहा लाखांवर पक्षी नोंदले जातात. हिमालयाच्या पायथ्याशी धर्मशाळेजवळ व नेपाळात हजारो गवताळी गरुड पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना मोजले गेले आहेत.

आपल्या माळरानावर

भारतात स्थलांतरित शिकारी पक्ष्यांची गोष्ट निघाली की नागालँडातील पांगती गावाचे नाव येते. दोयांग जलाशयाच्या काठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. पक्षी जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅमचा. त्या भागात त्या दिवसांत उडणाऱ्या वाळवीवर तो पोसतो. सन २०१२ मध्ये तेथे जाळी लावून दिवसाला हजारोंच्या संख्येने हे पक्षी पकडले व विकले जात असल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ठराव करून पकड थांबविली. त्याच नोव्हेंबरात तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारी लहान यंत्रे बसविण्यात आली. अशा यंत्रांवरून असे दिसून आले की, हे ससाणे भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागतात व पुढे दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. त्यांतील काहींचा मार्ग महाराष्ट्रावरून आहे.

भोवत्यांची मोजणी डोंगरमाथ्यावर बसून होत नाही. हे पक्षी दिवसभर दूरदूर पांगतात, पण सायंकाळी ठराविक गवताळ जागी जमिनीवर एकत्र झोपावयास उतरतात. गुजरातेतील वेळावदर येथील काळवीट राष्ट्रीय उद्यानात अशी एक मोठी रात्रवस्ती आहे. तेथे पूर्वी एका सायंकाळी हजारावर भोवत्ये मोजले गेले होते. त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्यांत, म्हणजे न पचलेल्या भागांच्या गुठळ्यांत, नाकतोडे व टोळ ह्यांचे अवशेष मोठ्या प्रमाणात सापडले. अलीकडील मोजण्यांत मात्र देशातील अनेक वस्त्यांवर संख्या उतरल्याचे आढळले आहे. माळराने नांगरली जात आहेत, काही ठिकाणी 'पडीक' समजून त्यांवर झाडे लावली जात आहेत. गवत हे ज्याचे घर आहे त्या पक्ष्यास झाडांचा उपयोग नाही.

विषाचा प्रश्न आपल्याकडेही आहे. डी.डी.टी. च्या शेतीतील वापरावर भारतात १९८९ पासून बंदी आहे. त्यानंतर गिधाडांचे प्रकरण घडले : जनावरांस दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे नाहीशी होत आहेत हे ठामपणे सांगता आले, त्याचेही एक कारण भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ऐंशीच्या दशकात त्यांच्या घरट्यांची मोजणी झालेली होती हे होय. आज उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखी आमिषे शेतात ठेवली जातात. असे आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्त होऊन उघड्यावर फिरतो व नेमका तोच घुबडाच्या, खरुचीच्या किंवा भोवत्याच्या तावडीत सापडतो. आमिष बिळातच टाकावे, बिळे बुजवावीत आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, ही शिफारस ह्यासाठीच आहे.

ज्या गावाच्या शिवारात भोवत्यांची रात्रवस्ती आहे तेथे मोजणीस खर्च असा काही येत नाही. ऑक्टोबर ते मार्च ह्या काळात महिन्यातून एक ठराविक तारीख धरावी. सूर्यास्तापूर्वी एक तास, गवतापासून बऱ्याच अंतरावर उंचवट्यावर दोघा-तिघांनी बसावे व प्रत्येकाने एकेक दिशा वाटून घ्यावी. गवतात शिरू नये. एकदा बिचकलेले पक्षी ती जागा सोडून जातात. पक्षी उतरण्यापूर्वी पुष्कळ वेळ घिरट्या घालतात, म्हणून तो गवतात बसल्यावरच मोजावा. राखी नर व तपकिरी पक्षी निरनिराळे लिहावेत. जातीची खात्री नसल्यास नुसते 'भोवत्या' असे लिहिले तरी चालते. तारीख, वेळ, वारा, ढग, तसेच त्या महिन्यात शेजारच्या शेतांत कोणती फवारणी झाली, गवत कापले गेले की जळाले, तेवढे एका ओळीत टिपावे. शाळेतील मुले हे काम आवडीने करतात व त्यांची नजरही तीक्ष्ण असते. वही मात्र शाळेत किंवा ग्रामपंचायतीत राहावी, कोणा एकाच्या घरी नको. एखाद्या सायंकाळी अंधार पडेपर्यंत बसूनही एकसुद्धा भोवत्या उतरला नाही, तर त्या तारखेपुढे शून्य लिहावे. रकाना कोरा ठेवू नये.